गावात डॉक्टर नाहीत म्हणून माझ्या भाचीला शिव्या देऊ नका

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर अण्णांनी एक मेसेज टाकला. वर लाल अक्षरांत 'प्रत्येक गावात पोहोचवा'. मजकूर थोडक्यात असा: सरकार एकेका डॉक्टरवर कोटभर रुपये खर्च करतं, ही पोरं फुकटात शिकतात, निम्मी परदेशात पळतात, उरलेली शहरात दुकान मांडतात, एकही एमबीबीएस गावात जात नाही म्हणून बाळंतिणी मरतात, अभय-राणी बंग आणि प्रकाश आमटे हे डॉक्टर असून आदिवासी भागात जाऊन राहिले, मग यांना काय धाड भरली? आणि शेवटी: रात्री आरोग्य केंद्रात डॉक्टर दिसला नाही तर व्हिडिओ काढा, व्हायरल करा.

त्याच ग्रुपवर आमची भाची आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, सध्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉण्डचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष करते आहे. तिनं मेसेज वाचल्याचं दिसलं, पण उत्तर आलं नाही. म्हणून मी देतो.

व्हिडिओपासूनच सुरुवात करतो, कारण त्यापायी कुणीतरी मार खाईल. भाचीच्या केंद्रात डॉक्टरांची दोन पदं मंजूर आहेत, त्यातलं एक रिकामं. सकाळची ओपीडी तिचीच, रात्रीचं बाळंतपण तिचंच, साप चावलेला माणूस आला तरी तीच, शिवाय लसीकरणाचे अहवाल आणि तालुक्याची मीटिंग. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला एक पावरा आदिवासी बाई कळा देत आली. लाइट गेलेली, इन्व्हर्टर बंद. सिस्टरनं मोबाइलची बॅटरी धरली आणि हिनं बाळ बाहेर काढलं. बाळ रडलं, पण बाईचं रक्त थांबेना. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ही स्वतः तिच्याशेजारी चढली आणि जिल्हा रुग्णालय येईपर्यंत एक हात बाईच्या पोटावर दाबून बसली. बाई वाचली. हिला परत यायला सकाळचे नऊ वाजले. मधल्या वेळात केंद्रात जो आला असेल त्याला डॉक्टर दिसली नाही. अण्णा, तुमचा मेसेज त्याच्या फोनमध्ये असता तर रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ दुपारपर्यंत तालुकाभर फिरला असता, आणि पंचवीस वर्षांच्या पोरीला जमावासमोर उभं राहावं लागलं असतं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला आहे. हे तुम्हाला माहीत नसेल, तर असले मेसेज पुढे ढकलण्याआधी माहिती करून घ्या.

'एकही एमबीबीएस गावात जात नाही' हे तर सरळ खोटं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा २०२१-२२ चा ग्रामीण आरोग्य सांख्यिकी अहवाल उघडून बघा. देशातल्या ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३०,६४० ॲलोपॅथी डॉक्टर कामावर होते. एका केंद्राला एक डॉक्टर, या हिशेबानं तूट ३.१ टक्के. (एक डॉक्टर पुरतो असं मी म्हणत नाही. एकटीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.) भगदाड आहे ते वरच्या पायरीवर. सामुदायिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असे चौघं हवेत. देशभरात मिळून हवे होते २१,९२०. होते ४,४८५. पाचातल्या चार खुर्च्या रिकाम्या.

तुमच्या मेसेजातली बाळंतीण इथं मरते. मूल आडवं आहे, सीझर करायला हवं, आणि ते नुसत्या एमबीबीएसचं काम नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ नेमली तरी भूल कोण देणार? रक्ताची पिशवी कुठून येणार? भूलतज्ज्ञ नसला की ऑपरेशन थिएटरला कुलूप, आणि बाई पुन्हा १०८ मध्ये. अशा जागी एकटी नेमलेली स्त्रीरोगतज्ज्ञ दिवसभर गरोदर बाया तपासते आणि अडलेली प्रत्येक केस रेफर करते. वर्ष-दोन वर्षांत हातातलं शिक्षण गंजतंय हे तिला कळतं आणि ती सोडून जाते. सक्तीनं दहा एमबीबीएस आणून बसवलेत तरी त्या थिएटरचं कुलूप निघणार नाही. भाचीला पुढे स्त्रीरोगच घ्यायचं आहे. मी विचारलं, परत तिकडे जाशील का? म्हणाली, "मामा, भूलतज्ज्ञ असेल तर जाईन."

फुकट शिक्षणाचं म्हणाल, तर देशातल्या सुमारे निम्म्या एमबीबीएस जागा खासगी कॉलेजांत आहेत. तिथं घरदार गहाण टाकून आईबाप फी भरतात. सरकारी कॉलेजातही खुल्या वर्गाची फी वर्षाला लाखाच्या वर गेली आहे. आणि कॉलेजचा खर्च म्हणून जो आकडा फिरवतात, त्यात रुग्णालयाचाही खर्च येतो. तिथले वॉर्ड रात्रंदिवस इंटर्न आणि निवासी डॉक्टरच चालवतात.

परदेशाबद्दल मात्र मान्य करावं लागेल, अर्धंच. दिल्लीच्या एम्समधून १९८९ ते २००० या काळात बाहेर पडलेल्यांपैकी ५४ टक्के देशाबाहेर असल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. त्याचं मलाही वाईट वाटतं. पण ते एकाच कॉलेजचं चित्र आहे. ते धुळ्याच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजातल्या पोरांच्या माथी मारू नका. बॉण्ड बुडवणारेही आहेत. त्यांच्याकडून वसुली करा, मी आडवा येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बॉण्ड वैध ठरवला आहे.

राहिले बंग आणि आमटे. अण्णा, निदान बंगांनी काय केलं ते तरी नीट वाचा. गडचिरोलीत बालमृत्यू कमी केले ते गावोगाव एमबीबीएस बसवून नाही. गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते ती पद्धत त्यातून आली. ज्यांनी डॉक्टरांची वाट न बघता मार्ग काढला, त्यांचं नाव तुम्ही डॉक्टरांना झोडपायला वापरता.

आणि डॉक्टर गावात टिकवायचेच असतील तर तमिळनाडूकडे बघा. तिथं सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा वर्षानुवर्षं राखीव ठेवल्या. गावातल्या नोकरीतूनच पुढे एमडी, एमएसची वाट दिसली की तरुण डॉक्टर तिथं अर्ज करतो. राज्यांना असा कोटा ठेवता येतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. मेसेजच फिरवायचा असेल तर ही मागणी फिरवा, भूलतज्ज्ञाचं पद भरा म्हणून आमदाराच्या दारात जा.

तोवर तो मेसेज आपल्या ग्रुपवरून काढा. आणखी कुठल्या ग्रुपांवर पाठवला असेल तिथंही हे उत्तर टाका. आणि अण्णा, भाचीला फोन करा. रात्री आठनंतर करा, त्याआधी ती ओपीडीत नाही तर लेबर रूममध्ये असते.