नाशिक एक, नाशिक दोन

सर्व्हर एकच होता तोवर आमचं बरं चाललं होतं. द्राक्षांच्या हंगामात तो धापा टाकू लागला, तेव्हा साहेबांनी दुसरा टॉमकॅट (आमचं वेब अॅप चालवणारा सर्व्हर) घ्यायला लावला आणि आलेल्या रिक्वेस्टी दोघांत वाटायला पुढ्यात अपाची बसवला. म्हणाले, आता गाडी पळेल. पळाली, लॉगिनच्या पानापर्यंत.

"ओ भाऊ, दर क्लिकला पासवर्ड काय मागताय? पेट्या मोजू का पासवर्ड टाकू?" पिंपळगावहून फोन. कारण साधारण ध्यानात आलं होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

रामकुंडावर उपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात, कारण तुमच्या घराण्याची वही एकाच उपाध्यांकडे असते. शेजारच्यांना तुमचे पणजोबा ठाऊक नसतात. सेशनचं, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याच्या नोंदीचं, तसंच. ज्या टॉमकॅटवर लॉगिन केलं, त्याच्याच मेमरीत तुमची नोंद. म्हणून तो कुकीतल्या (ब्राउझरकडे ठेवलेल्या चिठ्ठीतल्या) सेशन आयडीच्या शेवटी टिंब देऊन स्वतःचं नाव जोडतो आणि अपाचीने ते वाचून पुढची रिक्वेस्ट त्याच्याकडेच धाडायची. नाव ओळखीचं नसेल तर अपाची अडून बसत नाही. आळीपाळीने कुणाच्याही दारात सोडून देतो!

सल्लागार भरपूर. मित्र म्हणाला, अपाचीऐवजी एनजिनएक्स लाव, आयपी-हॅश कर, म्हणजे येणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरेल. पण आयपी-हॅश आयपीव्ही४ पत्त्याचे चारपैकी पहिले तीनच भाग बघतो. द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसची सगळी मंडळी एकाच राउटरमागे, म्हणजे सगळी एकाच सर्व्हरवर आणि दुसरा माशा मारत. साहेबांनी त्याहून सोपं केलं: एक सर्व्हर बंद. तक्रारी तत्काळ थांबल्या. "बघ, दुसऱ्याची गरजच नव्हती," असं म्हणून ते मिसळ खायला गेले. (दुसरा घ्यायला कुणी लावला होता, हे विचारायची सोय नसते.)

मग मी दोन्हीकडच्या फायली शेजारी शेजारी उघडल्या. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये जेव्हीएमरूट, म्हणजे आयडीला जोडायचं नाव, 'नाशिक१', 'नाशिक२'. अपाचीच्या बॅलन्सरमध्ये (वाटप ठरवणाऱ्या भागात) रूट, म्हणजे त्याला ओळखीचं नाव, 'नासिक१', 'नासिक२'. इंग्रजीत एका एचचा फरक. हे लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेलाय. तिथे पूना लिहीत असणार.

एच घातला, दोन्ही सर्व्हर चालू केले. कितीही क्लिक करा, आयडीच्या शेपटीला तेच नाव. पिंपळगाव गप्प.

साहेब खूश. "पुढच्या हंगामाला तिसरा घेऊ. नाव त्र्यंबक ठेवा."

"स्पेलिंग?" मी विचारलं.

अपाची सांभाळणारा म्हणाला, टी-आर-आय. टॉमकॅट सांभाळणारी म्हणाली, टी-आर-वाय. दोघांनीही एकदमच.