मीटर, आवाज, रंग आणि ‘फर्स्ट ओनर’: पाच मिनिटांच्या फॉर्म्युल्यात काय चुकतं

जुनी गाडी घेण्याचा ‘पाच मिनिटांचा फॉर्म्युला’ व्हॉट्सॲपवर फिरत असतो. मीटर पन्नास हजारांच्या आत, इंजिनचा आवाज मऊ, रंग एकसारखा आणि आरसीवर फर्स्ट ओनर. एवढं जुळलं की टोकन द्या, मेकॅनिकवर पैसे घालवू नका. मेख अशी, की विकणाऱ्याला थोड्या खर्चात जे चकचकीत करता येतं, नेमकं तेवढंच तपासायला हा फॉर्म्युला सांगतो.

आधी मीटर. डिजिटल मीटर मागे नेता येत नाही, हा गैरसमज आहे. आकडा चिपमध्ये असतो आणि लॅपटॉप जोडून तो बदलता येतो. झीज तशी बदलता येत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघा. सीट बसलेली आणि पेडलचं रबर मात्र कोरं, म्हणजे रबर नुकतंच बदललंय. मग टायर. कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. स्टेपनी २०१७ ची, मीटरवर २८ हजार आणि चालते चारही टायर २०२१ चे असतील, तर पहिले चार इतक्या लवकर का काढले, ते विचारा.

आणि मीटर खरंच कमी असलं म्हणून गाडी चांगलीच असते, असंही नाही. फक्त गल्लीबोळात फिरलेल्या बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने तुंबतो. तो बदलायचा खर्च मोठा असतो.

आवाज गरम इंजिनचा ऐकून उपयोग नाही. ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं बजावून जा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू करताना मागे कुणालातरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी. आणखी एक: किल्ली फिरवल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे आधी लागून मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा मुळी लागतच नसेल, तर बिघाड लपवायला कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. बंपर रंगवलेला असणं मामुली आहे; पार्किंगमध्ये ओरखडे पडतातच. बघायचा तो सांगाडा. बॉनेट उघडून फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा: डोक्यावरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो पार्ट कधीतरी उतरलाय. मग दाराच्या चौकटीचं रबर बोटाने ओढून काढा, ते सहज निघतं. खाली पत्र्यावर कंपनीच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे साधारण सारख्या अंतरावर दिसतात. तिथे सपाट पुट्टी किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, तर पिलर, म्हणजे छत पेलणारा दाराजवळचा खांब, कापून जोडलेला असू शकतो. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पत्र्याच्या भागावर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जाड पुट्टीवर ते घसरतं.

पुराच्या पाण्याबद्दल हा फॉर्म्युला अवाक्षर काढत नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या बुडाल्या, ते इथे कुणाला सांगायला नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटचे रूळ गंजलेत का आणि स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, तेही बघा.

‘फर्स्ट ओनर’ने गाडी कितव्या मालकाकडे आहे ते कळतं, ती कशी वापरली ते नाही. त्यापेक्षा विम्याची पॉलिसी मागा. एकही क्लेम न करता पाच वर्षं गेली की नो क्लेम बोनस ५० टक्के होतो. सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर विचारा: क्लेम झाला, की पॉलिसी ९० दिवसांहून जास्त खंडित होती? ५० टक्के दिसला तरी निर्धास्त होऊ नका, कारण हा बोनस मालकाचा असतो आणि आधीच्या गाडीवरून आणता येतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

राहिला मेकॅनिक. ड्राइव्ह शाफ्टचं फाटलेलं रबरी बूट (आवरण), ऑइल गळणारा शॉकअप, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून झिरपणारं ऑइल, हे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय धड दिसत नाही. गॅरेज मात्र तुम्ही निवडा, विकणाऱ्याच्या ओळखीचं नको. विकणारा लिफ्टवर गाडी न्यायला का-कू करत असेल, तर टोकन खिशातच ठेवा.