इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं

माझा भाचा २६ वर्षांचा. नियमित जिम, व्यसन कसलं नाही. गणपतीत घरी आला होता. आरतीला उठताना दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत उठला. या वयात! रात्री खोदून विचारलं तेव्हा बॅगेतून गोळ्यांची पट्टी काढून दिली. ॲनास्ट्रोझोल. स्तनाच्या कर्करोगात बायकांना देतात ते, शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारं औषध. जिममधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून सात महिने घेत होता. डॉक्टरला विचारलं नव्हतं. "मामा, इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन. आपल्यात जेवढं कमी तेवढं चांगलं."

हा समज इतका पसरलाय की राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

पुरुषाच्या अंगात इस्ट्रोजेन काही चुकून शिरत नाही. ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम आपल्याच टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार करतं. चरबीत, हाडांत, मेंदूत, थोडं वृषणांतही. पाळी गेलेल्या बाईपेक्षा तिच्याच वयाच्या नवऱ्याच्या रक्तात ते सहसा जास्तच सापडतं. मग 'बायकांचं' कसं?

१९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस छापली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, इस्ट्रोजेनही भरपूर, पण जनुकातल्या दोषामुळे शरीराला त्या इस्ट्रोजेनचा उपयोगच करता येत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतच होती. एक्स-रेत हाडांचं वय दिसलं १५ वर्षं, आणि हाडं ठिसूळ. मुलगा असो की मुलगी, वयात आल्यावर हाडाची वाढ थांबवायची आणि पुढे ते भक्कम ठेवायचं हे काम इस्ट्रोजेनचं, हे या एका माणसामुळे लख्ख कळलं.

२०१३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी तर निरोगी पुरुषांवरच प्रयोग केला. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करून जेलमधून परत दिलं, आणि एका गटाचं इस्ट्रोजेन याच ॲनास्ट्रोझोलने रोखलं. स्नायू टेस्टोस्टेरॉनवर टिकले, पण इस्ट्रोजेन रोखलेल्यांची चरबी वाढली आणि कामेच्छाही घटली. ज्यासाठी पोरं गोळी गिळतात, त्याच्या बरोबर उलटं!

इस्ट्रोजेन वाढूनही त्रास होतो, हे खरं आहे. पोट सुटलं की चरबीतलं ॲरोमॅटेज वाढतं, दारूने लिव्हर खराब झालं तरी तोल जातो, छाती वाढते. पण तिथे वजन उतरवणं, दारू सोडणं हा उपाय. औषध लागलंच तर ते एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचा डॉक्टर ठरवेल.

आणि वयात येणाऱ्या मुलांचं सांगायलाच हवं. आमच्या वर्गातला एक मुलगा विहिरीवर कधी शर्ट काढायचा नाही. काठावर बसून राहायचा, आणि आम्ही त्याला नको ते बोलायचो. त्या वयात छाती थोडी सुजणं अगदी सर्रास आहे, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरते. हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! गाठ कडक असेल, एकाच बाजूला असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल, तर मात्र लगेच दाखवा. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

भाच्याला डॉक्टरांकडे नेलं. एस्ट्राडायॉल, म्हणजे रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन, इतकं खाली गेलेलं की लॅबने आकडाच दिला नव्हता, नुसतं '५ पेक्षा कमी'. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. हाडांच्या घनतेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. परवा ताईचा फोन आला, जिना आता कठड्याला न धरता चढतोय म्हणाली.