स्टार्व्ह्ड रॉकला जाताय? मग उशिराच निघा

शिकागोपासून इलिनॉयमधलं स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्क गाडीने दीड-पावणेदोन तासांवर. त्यामुळे शनिवारी सकाळी अकराच्या आत निघूच नका. आधी पोहे, मग चहा, मग ग्रुपवर 'निघालोच' असा मेसेज टाकून आंघोळ. उन्हाळ्यात वाहनतळ भरले की गेट बंद करतात आणि आतल्या गाड्या बाहेर पडेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. पण तो नियम एकट्या-दुकट्यांसाठी. आपल्या तर बारा गाड्या आहेत.

महिना ऑगस्टच निवडा. इथे 18 घळी आहेत, पण धबधबे जोरात असतात ते बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसानंतर. कोरड्या कड्यासमोर उभं राहून 'यापेक्षा आपलं ठोसेघर बरं' म्हणण्याचं सुख एप्रिलमध्ये कुठलं मिळायला!

पायात घरातल्या चपला हव्यात. इथला वाळूखडक इतका भुसभुशीत की नुसता चोळला तरी वाळू सुटते. ती उतारावर पसरली की पायाखाली मोहरी सांडल्यासारखं होतं, कठडे त्यासाठीच आहेत. तेव्हा फोटोला कठड्यापलीकडे जाताना चपला घालाच, उगाच पाय मळायला नकोत.

वाटेवरच्या ठिपक्यांकडे लक्ष देऊ नका. पिवळा म्हणजे व्हिजिटर सेंटरपासून लांब चाललात, पांढरा म्हणजे परत येताय, एवढं सोपं काही खरं असतं का? फोन आहे ना. घळीत रेंज गेली तर आत्याला हाका मारा.

आता श्रावण. तीन-तीन पानांची हिरवीगार वेल दिसली की 'बेल!' म्हणत ओंजळभर खुडा. ही पॉयझन आयव्ही, अंगाला खाज आणणारी वेल. तिचं तेल हाताला लागल्या लागल्या साबणाने धुतलं तर बरेचदा निभावतं. म्हणून न धुताच दशम्या वाटायला घ्या. खाज फक्त तुमच्यापुरती राहिली तर सहल कसली!

गवतात हाफपँट घालूनच बसा. गोचीड चिकटला तर काडी पेटवून टेकवा, नेलपॉलिश फासा. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढला तर लगेच निघतो, मग चौघांनी चार सल्ले कधी द्यायचे?

निघताना शेगडीतले कोळसे झाडाच्या बुंध्याशी ओता. वरून राख पांढरी दिसते, म्हणजे विझलेच. आत धग आहे का बघायला हात कोण घालतंय, हात तर आधीच खाजताहेत.