वॉरंट लागत नाही, पण कारण लागतंच

‘गुन्हा दखलपात्र असेल तर पोलीस वॉरंटशिवाय कुणालाही उचलू शकतात. नुसता संशय पुरतो. कारण सांगायला ते बांधील नाहीत. चौकशीला बसवून ठेवलं तर ती अटक धरत नाहीत.’ असा मजकूर ‘कायदा जाणून घ्या’ म्हणून व्हॉट्सअॅपवर सर्रास फिरतो आहे. दखलपात्र गुन्ह्यात वॉरंट लागत नाही, एवढं खरं आहे. त्या खरेपणाच्या जोरावर बाकीचं खोटं लोकांच्या गळी उतरतं, आणि वाचून घाबरलेला माणूस पोलीस ठाण्यात तोंड उघडत नाही. म्हणून हे उत्तर.

‘कुणालाही उचलू शकतात.’ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35 हा अधिकार देतं आणि त्याच कलमात त्याच्या अटीही आहेत. पोलिसांच्या डोळ्यांदेखत दखलपात्र गुन्हा घडला, तर प्रश्नच नाही. पण सात वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे घ्या. साधी चोरी, फसवणूक, विवाहितेचा छळ, सगळे यातलेच. इथे या माणसानेच गुन्हा केला असं मानायला कारण हवं. शिवाय त्याला अटक करणं गरजेचंही हवं: तो पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील, कोर्टात हजर राहणार नाही, किंवा त्याच्याशिवाय तपास नीट होणार नाही. ही कारणं तपासी अंमलदाराने लिहून ठेवायची असतात. अटक केली नाही, तर ती का केली नाही हेही लिहायचं असतं. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि जो नोटीस पाळतो त्याला लेखी कारणाशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं.

अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटक समर्थनीय असणं वेगळं, हे त्याच न्यायालयाने 1994 मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात सांगितलं होतं. तेव्हा त्याने राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या अहवालाचा आधार घेतला होता. जवळपास 60 टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, असं तो अहवाल म्हणतो. या आकड्यामागे किती घरांची नोकरी, अब्रू, लग्नं मोडली असतील, याचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही.

‘नुसता संशय पुरतो.’ एखादी गोष्ट खरी मानायला पुरेसं कारण असेल तरच ‘मानण्यास कारण’ आहे असं धरायचं, अन्यथा नाही, ही व्याख्या भारतीय न्याय संहितेतच आहे. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात गरजेची वरची यादी लागू नाही, हे मान्य. तिथेही विश्वसनीय माहिती आणि तिच्यावर उभं असलेलं कारण लागतंच.

मुंबईचं उदाहरण घ्या. आयसीआयसीआय बँकेच्या माजी प्रमुख चंदा कोचर आणि त्यांचे पती यांच्यावर सीबीआयने जानेवारी 2019 मध्ये गुन्हा नोंदवला आणि अटक केली डिसेंबर 2022 मध्ये. कारण दिलं ‘सहकार्य करत नाहीत’. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ही अटक कायद्याला धरून नसल्याचं सांगून दोघांची सुटका केली. गप्प राहणं म्हणजे असहकार्य नव्हे; स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क संविधानाने दिलेला आहे. हे संरक्षण बड्या बँकवाल्यांना मिळालं तसं नाक्यावरच्या हातगाडीवाल्यालाही मिळायला हवं. कायदा दोघांना एकच आहे.

‘कारण सांगायला बांधील नाहीत.’ हे धडधडीत खोटं आहे. संविधानाचा अनुच्छेद 22 अटकेची कारणं कळवायला सांगतो. 6 नोव्हेंबर 2025 रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पक्कं केलं: कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. जागेवर लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याआधी निदान दोन तास कागद हातात पडला पाहिजे. ‘तपासकामी अटक’ हे कारण होत नाही. या माणसाविरुद्ध नेमकं काय आहे, ते त्यात हवं. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणंही बंधनकारक आहे.

‘बसवून ठेवलं तर ती अटक नाही.’ माणसाला उठून जाता येत नसेल, तर अटक तिथेच सुरू झाली. कागदावर कुठली वेळ टाकली आहे याला महत्त्व नाही. हे मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलं आहे. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याचे 24 तास (प्रवासाचा वेळ वगळून) तेव्हापासून मोजायचे.

त्या मजकुराखाली हमखास एक प्रतिक्रिया असते: ‘कोर्ट तरी काय करतं, सही करून कोठडी देतं.’ सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने नेमका हाच प्रकार रोखायचा प्रयत्न केला. पोलिसांनी अटकेची कारणं आणि कायद्यातल्या अटींची पूर्तता दाखवणारी यादी रिमांडच्या वेळी द्यायची, दंडाधिकाऱ्याने ती तपासून स्वतःचं समाधान लेखी नोंदवायचं. तसं न करता कोठडी दिली तर उच्च न्यायालय त्याच्यावरही खातेनिहाय कारवाई करू शकतं. त्यामुळे रिमांडच्या वेळी वकिलाने पहिल्यांदा हीच यादी मागावी, आणि ती दिली नाही तर तशी नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) घ्यायला लावावी.