साठ हजार परत हवेत म्हणे!

काल रात्री साडेदहाला क्लायंटचा मेसेज. "मॅडम, डिझाइन निकामी आहे, त्याचे 60,000 आठ दिवसांत रिफंड करा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल." मॅडम! वर्षभर हाच माणूस मला ताई म्हणत होता. "ताई, तुम्ही घरच्याच, तेवढं बघून घ्या ना" असं करत ठरलेल्या तीन साइझच्या जागी पाच साइझ करून घेतले, तेही त्याच पैशांत. तेव्हा मी ताई. आता मॅडम. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

काम होतं कांदा-लसूण मसाल्याच्या पाऊचचं. पाऊचवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी लायसन्स नंबर छापावा लागतो. तो नंबर यानेच मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवला. मी दोनदा म्हटलं, सर्टिफिकेटचा फोटो पाठवा, मी त्यावरून घेते. उत्तर काय? "नंबर दिलाय ना ताई, तोच टाका." टाकला. पीडीएफ पाठवताना खाली स्वच्छ लिहिलं की नंबर, वजन, पत्ता सगळं एकदा नजरेखालून घाला आणि मगच ओके द्या. चार मिनिटांत उत्तर: "ओके फायनल, सिलिंडरला देतोय." (म्हणजे छपाईचे रूळ कोरायला; प्रत्येक रंगाचा वेगळा.) पाच पाऊच, पुढची-मागची बाजू, आणि वाचायला चार मिनिटं!

त्याने पाठवलेल्या नंबरातच दोन आकडे उलटसुलट होते. माल छापून आला, भरला, दुकानात गेला आणि मग डिस्ट्रिब्युटरच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून चूक माझी. का? तर "डिझायनरने बघायला नको का?" अहो, तुमचा लायसन्स नंबर मी कुठून बघणार? सर्टिफिकेट तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लटकतंय!

बरं, चूक झाली, दुरुस्त करायला मी नाही म्हटलं का? त्याच संध्याकाळी फाइल बदलून दिली, एक रुपया न घेता. मागची सगळी मजकुराची बाजू काळ्या रंगात ठेवली होती, म्हणून त्या रंगाचा तेवढा सिलिंडर नवीन करावा लागला, बाकीचे रंग जसेच्या तसे वापरता आले. हे मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत, ठीक आहे. पण रिफंड?

आणि कसले 60,000? माझ्या खात्यात 54,000 आलेत. दहा टक्के टीडीएस, म्हणजे माझ्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर, कापला म्हणून 6,000 कमी दिले. ते 6,000 माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या माझ्या नावावरच्या कराच्या उताऱ्यात, आजपर्यंत दिसत नाहीत. तीन वेळा विचारलं, "सीएला सांगतो" यापलीकडे उत्तर नाही. म्हणजे कापले माझे, भरले कुठेच नाहीत, आणि आता तेच 6,000 माझ्याकडूनच परत मागतोय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे आणखी काय असतं?

शेवटचा हप्तासुद्धा बिल दिल्यावर चार महिन्यांनी दिला. मी उद्यममध्ये, म्हणजे सरकारच्या लघुउद्योगांच्या यादीत, नोंदणी केलेली आहे. 2006 च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात सरळ लिहिलंय की जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी मागितलं? नाही. नवीन धंदा आहे, लेकरंबाळं आहेत, जाऊ दे म्हटलं. त्या जाऊ दे म्हणण्याचं हे फळ.

सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरलं ते सांगते. पाऊचवर ओळ आहे, "खऱ्या चवीचा मसाला". त्याला जो फॉन्ट आवडला होता त्यात ऱ्य फुटत होता, "खर्‌या" असं काहीतरी भलतंच दिसत होतं. चालवून घ्या म्हणाला, कोण बघतंय. मी नाही चालवून घेतलं. आख्खी एक दुपार बसून ते अक्षर हाताने काढलं, रचं ते आडवं वळण य मध्ये नीट मिसळेपर्यंत. आपल्या भाषेतलं अक्षर आपल्याच मसाल्यावर मोडकं छापायचं, हे मला जमत नाही.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. फळीवर तोच मसाला. 200 ग्रॅमचं पाऊच उचललं, उलटं करून बघितलं. लायसन्स नंबर आता बरोबर आहे. पॅकिंगची तारीख मागच्या महिन्याची. रंग माझे, मांडणी माझी, आणि पुढे ठळक तोच माझा ऱ्य. डिझाइन "निकामी" म्हणून पैसे परत मागायचे आणि त्याच डिझाइनमध्ये रोज माल विकायचा!

पाऊच विकत घेतलं, बिल घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवरची सगळी बोलणी तारखांसकट प्रिंट करून ठेवलीत, "ओके फायनल" वाल्या मेसेजवर पिवळा मार्कर मारलाय. त्याला पैसे परत मिळणार नाहीत. उलट व्याजाचा हिशेब आणि टीडीएसचं सर्टिफिकेट मागणारं पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने जातंय. मायना "मा. महोदय".