दहा हजार फॉलोअर्स आणि कागदावर काढलेला पाय

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर आणि वर मावसभावानं ‘वहिनी, हे तुमच्या कामाचं’ म्हणून पुन्हा पाठवला. वर शीर्षक आहे, ‘दुकानदार बंधू-भगिनींनो, सोशल मीडियाची सहा सूत्रे’. खाली कुणाचं नाव नाही. सूत्रं थोडक्यात अशी: रोज किमान तीन पोस्ट टाका. दहा हजार फॉलोअर्स झाले की गिऱ्हाईक आपोआप येतं. भाव कधी लिहू नका, विचारायला लावा. दुकानात पाऊल टाकेल त्याचा नंबर घेऊन ग्रुपमध्ये घाला. तक्रारीची कमेंट दिसली की लगेच उडवा. आणि शेवटचं, पन्नाशी ओलांडलेल्यांनी यात डोकं घालू नये, सगळं एजन्सीकडे सोपवावं.

मी कोल्हापुरात चपलांच्या दुकानात बसते. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, आता मिस्टर आणि मी बघतो. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप हे सगळं गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. या सहा सूत्रांमागं लागून साठवलेले पैसे घालवलेली दोन घरं मला माहीत आहेत. त्यातलं एक घर मसाल्याचं आहे, आणि त्या माउलीची चटणी खरंच जगात भारी आहे. म्हणून हे इस्कटून लिहिते आहे.

रोज तीन पोस्ट. हे फार लांबवत नाही. फेसबुकनं जानेवारी २०१८ मध्ये उघड जाहीर केलं होतं की लोकांना आधी घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट दाखवू, धंद्याच्या पेजच्या पोस्ट कमी दिसतील. म्हणजे तुम्ही तीन टाका नाहीतर तेरा टाका, ज्यावर कुणी बोलत नाही ती पोस्ट खाली जाते. आम्ही आठवड्याला दोन टाकतो. त्यातली एक कायम गिऱ्हाइकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असते. ‘नवीन चप्पल लागते, काय करू?’, ‘कापशी आणि पुकरीत (या कोल्हापुरीच्या दोन जाती) फरक काय?’, ‘करकर वाजणारी मिळेल का?’ दुकानात दिवसातून दहा वेळा जे सांगतो, तेच एकदा नीट सांगून ठेवायचं. रोज तीन पोस्ट टाकायचा नेम धरला की तिसऱ्या दिवशी सुविचार सुरू होतात, आणि सुविचार बघून चप्पल कुणी घेत नाही.

दुसरं सूत्र सगळ्यात जास्त नुकसान करतं.

दहा हजार हा आकडा कुठून आला, कुणास ठाऊक. पण तो डोक्यात बसला की माणूस आकड्यामागं पळतो. मसाल्याच्या त्या घरानं फॉलोअर्स विकत घेतले. असे विकत घेणं इन्स्टाग्रामच्या नियमात बसत नाही, आणि कंपनी अशी खोटी खाती वेळोवेळी काढूनही टाकते. ती काढली गेली नाहीत तरी काय उपयोग? ती खाती चटणी खात नाहीत.

खरे फॉलोअर्स असले तरी ते तुमच्या मालकीचे नसतात, हे २९ जून २०२० ला आपल्याकडं बऱ्याच जणांना कळलं. त्या दिवशी सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. आमच्या ओळखीतला एक पोरगा टिकटॉकवर साज, ठुशी आणि मोहनमाळेचे व्हिडिओ टाकायचा. फार गोड बोलायचा, लोक जीव टाकायचे. एका रात्रीत सगळं गेलं. त्यातून जी माणसं उरली, ती त्यानं वहीत नावं-नंबर लिहून ठेवलेली. बहिणीच्या लग्नाला साज घेतलेली, मुलीच्या बारशाला पुन्हा आलेली. त्या वहीवर त्यानं परत सुरुवात केली. आज त्याच्या खात्यावर फॉलोअर्स मोजके आहेत आणि कामाला मात्र उसंत नाही.

आमच्या स्वतःच्या धंद्यात हे मला २०२५ च्या जूनमध्ये दिसलं. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर संताप उसळला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, प्राडाला मूळ प्रेरणा कुठली ते मान्य करावं लागलं, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटायला आली. ही सोशल मीडियाची ताकद आहे, आणि मी ती नाकारत नाही. सामान्य माणसांनी फोनवर आवाज उठवला नसता तर हे झालं नसतं.

त्या दिवसांत आमच्या एका रीलला कधी नव्हे इतके व्ह्यूज आले. दिवसभर फोन वाजत होता. लोक लिहीत होते, ‘अभिमान आहे’, ‘नाद खुळा’, ‘जय महाराष्ट्र’. वाचून डोळे भरून यायचे. पण ऑर्डरी कुणाच्या आल्या? ज्यांनी काहीतरी विचारलं आणि ज्यांना आम्ही उत्तर दिलं, त्यांच्या. पहिल्या दोन दिवसांत मी कौतुक वाचत बसले आणि प्रश्न खाली गाडले गेले. तिसऱ्या दिवशी मिस्टर म्हणाले, ‘अगं, हे मापाचं विचारतायत, त्यांना आधी सांग.’ मग रात्री बसून एकेक मेसेज वर काढला. निम्म्या लोकांनी तोवर दुसरीकडून घेतली होती.

त्यात पुण्याच्या एका ताईंचा मेसेज होता. त्यांच्या वडिलांच्या एका पायाला कायमची सूज, त्यामुळं दोन्ही पायांचं माप वेगळं. कुठल्याही दुकानात जोड मिळत नाही, म्हणून ते घरातली रबरी चप्पल घालूनच लग्नाकार्याला जातात, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना सांगितलं, वडिलांना कोऱ्या कागदावर उभं करा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ काढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. संध्याकाळी पाठवायला सांगितलं, कारण दिवसभरात सूज वाढते. जवाहरनगरातल्या आमच्या कारागीर मामांनी तो कागद बघितला, डावी वेगळी आणि उजवी वेगळी कापली, अंगठा सैल ठेवला. काम चालू असताना मी त्यांच्या हाताचा छोटा व्हिडिओ ताईंना पाठवला. चप्पल पोचल्यावर त्यांनी वडिलांचा फोटो पाठवला, धोतर आणि नवी चप्पल. पुढं त्यांच्या सोसायटीतून पाच जोड्यांची ऑर्डर आली. त्या ताई आम्हाला इन्स्टाग्रामवर फॉलो करत नाहीत. त्या कागदाचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

फॉलोअर्स वाईट नाहीत. पण महिनाअखेरीला मी दोनच गोष्टी मोजते: किती मेसेज उत्तराविना राहिले आणि किती जुनी गिऱ्हाइकं परत आली.

भाव लिहू नका, असं तिसरं सूत्र म्हणतं. कारण काय, तर गिऱ्हाईक विचारेल आणि बोलणं सुरू होईल. आता विचार करा, दुकानाच्या पायरीवर उभी राहून बाईनं ‘केवढ्याला?’ विचारलं आणि तुम्ही तिला कानात सांगायला आत बोलावलं, तर ती काय समजेल? भाव माणूस बघून ठरतो, असंच समजेल. आणि कोल्हापुरीच्या बाबतीत भाव लपवणं म्हणजे कारागिराचं काम लपवणं आहे. हातानं शिवलेली, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची जोडी आणि रेक्झिनची मशीनवरची जोडी फोटोत सारखी दिसते. आम्ही भाव लिहितो आणि त्याखाली दोन ओळीत कारण लिहितो: कातडं कुठलं, तळ किती पदरी, वेणी घालायला किती वेळ गेला. मग ‘बाजारात निम्म्या किमतीत मिळते’ म्हणणारेही प्रश्न विचारतात, भांडत नाहीत.

चौथ्या सूत्राचा मला राग येतो. येईल त्याचा नंबर घेऊन ग्रुपमध्ये घाला म्हणे! ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्याकडं कॉलेजच्या मुली येतात, अंबाबाईच्या दर्शनाला एकट्या आलेल्या बायका येतात. बिलासाठी दिलेला नंबर मी दोनशे अनोळखी माणसांसमोर ठेवला आणि रात्री तिला कुणी ‘हाय’ पाठवलं, तर ते पाप माझ्याकडं येतं. लोकांच्या अशाच तक्रारींमुळं व्हॉट्सॲपनं २०१९ मध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ ही सेटिंग दिली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्याचा पायाही संमती हाच आहे. आणि न विचारता ढीगभर मेसेज पाठवले, लोकांनी रिपोर्ट केलं, तर तुमचाच नंबर बंद होऊ शकतो. वर्षानुवर्षं पाटीवर आणि पिशवीवर छापलेला नंबर एकदा गेला की काय होतं, ते ज्याचा गेला त्यालाच विचारा.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, कुणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही, आणि मेसेज फक्त त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे. काही जणांना ही अडचण वाटते. मला हीच यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, कारण ज्यानं तुमचा नंबर नावासकट फोनमध्ये ठेवला, त्याला तुमच्याशी संबंध ठेवायचा आहे. आम्ही बिल देताना विचारतो, ‘ताई, नवीन माल आला की कळवू का? मग आमचा नंबर सेव्ह करून एक मेसेज टाका.’ निम्म्या टाकतात. ज्या टाकत नाहीत त्यांना परत विचारत नाही.

तक्रारीची कमेंट उडवण्याची चूक मी स्वतः केली आहे. एका पावसाळ्यात एका दादांनी तळ सुटलेल्या चपलेचा फोटो आमच्या पोस्टखाली टाकला. मी घाबरून कमेंट काढली. तासाभरात तोच फोटो शहरातल्या एका मोठ्या ग्रुपवर होता आणि खाली लिहिलं होतं, ‘विचारलं तर कमेंट उडवली.’ चप्पल सुटल्याचं दुःख कमी होतं, तोंड फिरवल्याचा राग जास्त होता. मिस्टर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, जोडी घेऊन आले, मामांनी तळ बदलून दिला. आणि मी तिथंच, त्या ग्रुपवर, लिहिलं की कमेंट काढायला नको होती, आणि ही चप्पल पावसाची नाही हे विकताना सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. तेव्हापासून आमच्या खात्यावर सगळ्यात वरची पोस्ट तीच आहे: भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा, वाळल्यावर तेलाचा हात फिरवा. त्या पोस्टमुळं जूनमध्ये आमची विक्री थोडी कमी होते. होऊ दे.

एक मात्र वेगळं. चपला बनवणाऱ्या माणसांच्या जातीवरून कुणी घाण लिहिलं तर ती तक्रार नव्हे. ती कमेंट मी क्षणभर ठेवत नाही, रिपोर्ट करते आणि त्या माणसाला ब्लॉक करते. मामांच्या नातवंडांच्या हातातही फोन आहे.

आता शेवटचं, पन्नाशीचं आणि एजन्सीचं. एजन्सी नकोच असं मी म्हणत नाही. फोटो काढायला, जाहिरात लावायला मदत घ्यावी. पण खातं स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या ईमेलवर हवं. मसाल्याच्या त्या घराचं पेज एजन्सीनं आपल्या नावावर उघडलं. पैशांवरून बिनसलं, तेव्हा पेज, फोटो, गिऱ्हाइकांचे मेसेज, सगळं त्यांच्याकडं राहिलं. पेजचा ॲडमिन कोण आहे ते एकदा बघा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून आहे आणि ते फुकट आहे. त्यात मालाचा कॅटलॉग ठेवता येतो, नेहमीची उत्तरं साठवता येतात, ‘माप यायचं आहे’, ‘पार्सल गेलं’ अशी लेबलं लावता येतात. गूगल मॅप्सवर दुकानाची वेळ बरोबर ठेवायलाही पैसे पडत नाहीत, आणि नवरात्रात बाहेरगावचं गिऱ्हाईक आधी तेच बघतं. हे सगळं शिकायला आमच्या सासूबाईंना दोन आठवडे लागले.

सासूबाई चौसष्ट वर्षांच्या आहेत. टाइप करायला त्यांना जमत नाही, म्हणून त्या व्हॉइस मेसेज पाठवतात. पहिल्यांदा पाठवताना फोन तोंडाशी धरून मोठ्यानं ओरडल्या होत्या. आता दुपारी दुकान शांत असलं की चष्मा लावून बसतात. ‘बाळा, तुझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे म्हणालीस, तर जाड तळाची घेऊ नको, ती जड पडती. पातळ कापशी घे. आणि पहिले चार दिवस घरातच वापर म्हणावं.’ असं त्या सांगतात. कुणी विकत घेतली नाही तरी पुढच्या महिन्यात आईचा गुडघा कसा आहे ते विचारतात. यातलं त्यांना कुणी शिकवलेलं नाही, त्या पायरीवर बसून चाळीस वर्षं हेच करत आल्या आहेत. हल्ली काही गिऱ्हाइकं मला फोटो मागत नाहीत. माप पाठवतात आणि खाली लिहितात, ‘काकूंना विचारून कुठली ते ठरवा.’